अभिमन सांगतोय

“तिसरी ओळ जरा जोरात घ्या, आबा. तिथं माणसानं चालता चालता थांबलं पाहिजे,” दीपक म्हणाला आणि त्यानं मोबाइल अभिमनच्या पुढ्यात धरला.

अभिमननं कपाळावरचा चष्मा खाली ओढला. कागदावर वाचायची सवय असलेला माणूस तो, मोबाइलवरची अक्षरं त्याला सरकत असल्यासारखी वाटत. तरी त्यानं घसा साफ केला. दीपकच्या ऑफिसात पंखा बंद होता, कारण रेकॉर्डिंगमध्ये त्याची घरघर येते. भिंतीवर तालुक्यातले नवे पुढारी हितेंद्रभाऊ यांचा हात जोडलेला मोठा फोटो होता; दीपक त्यांच्या प्रचाराचं काम बघायचा.

“बंधूंनो आणि भगिनींनो,” अभिमननं सुरुवात केली. “बी आपलं मेलं, माती आपली करपली, पेटी मात्र त्यांची भरली. कमिटी नको, कोर्ट नको, तारीख नको. निकाल जनता देणार! सोमवारी सकाळी दहा वाजता बाजारपेठेत जाब विचारायला या. आपण शांततेत जाणार आहोत. व्यापारी बंधूंनी घाबरू नये, दुकानं...”

तो थांबला.

“काय झालं? पाणी देऊ?”

“हे कुणी लिहिलं?”

“भाऊंनी स्वतः. भाऊ दुसऱ्याचं लिहिलेलं बोलत नाहीत कधी.”

“हे मी वाचलेलं आहे.”

“आत्ताच तर वाचलंत,” दीपक हसला.

“आत्ता नाही. सत्याऐंशी साली. तेव्हा बी नव्हतं, कापूस होता. बाकी सगळं हेच होतं.”

सत्याऐंशी साली दीपकचा जन्मही झालेला नव्हता. त्यानं मान डोलावली, म्हाताऱ्या माणसाच्या गोष्टीला डोलवावी तशी, आणि म्हणाला, “चांगलंच आहे की मग. पाठच असेल तुम्हाला.”

अभिमननं मोबाइल टेबलावर उपडा ठेवला. “मी हे बोलणार नाही.”

“आबा, तुमच्याशिवाय कोण बोलणार? गावात दुसरा आवाज आहे का? माणसं भोंग्यावर विश्वास ठेवत नाहीत, तुमच्यावर ठेवतात.”

“म्हणूनच नाही.”

तो उठला, चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरला.

मोहाडखेडे हे पाचोऱ्यापासून अर्ध्या तासावरचं बाजाराचं गाव. त्या गावात चाळीसपेक्षा जास्त वर्षं एकच आवाज फिरत होता. पोलिओचा डोस, नळाला न येणारं पाणी, बैलबाजार, सर्कशीचा शेवटचा खेळ, बाजारात हरवलेलं पोर, हे सगळं अभिमन सांगायचा. आणि मयती. कुणी गेलं की घरचं माणूस चिठ्ठी घेऊन त्याच्या दारात यायचं. नाव, वडिलांचं नाव, वय, अंत्ययात्रा किती वाजता निघणार. रिक्षात बसून तो ते असं सांगायचा की ओट्यावर बसलेली माणसं गेलेल्याला ओळखत नसली तरी उठून उभी राहायची. त्याचा स्वतःचा बोलण्यातला आवाज बारीक होता, जरासा नाकातला. माईक हातात आला की तो भरायचा. भिकुबाई, त्याची बायको, म्हणायची, घरातला नवरा वेगळा आणि भोंग्यातला वेगळा.

सत्याऐंशी साली तो सव्वीस वर्षांचा होता. त्याच्या बापाची बैलगाडी होती आणि त्या गाडीतला कापूस दरवर्षी बाजारपेठेत दोन-दोन दिवस ताटकळत उभा राहायचा. व्यापारी काट्यात मारायचे. ते खोटं नव्हतं. सगळेच मारत होते असंही नाही, पण मारत होते, आणि तक्रार घेऊन जावं तर मार्केटच्या ऑफिसातला बाबू वर बघायचा नाही. अशा वेळी लीलाधरअण्णा उभे राहिले. पांढरा सदरा, पायात साध्या वहाणा. पहिल्याच सभेत ते म्हणाले, “मी पुढारी नाही. मी म्हणजे तुम्हीच आहात. माझ्या तोंडातून तुम्ही बोलताय.” अभिमनचा बाप, जो स्वतःच्या आईच्या मयतीला रडला नव्हता, त्या सभेत पागोट्याच्या शेवानं डोळे पुसत होता. अभिमन हे पुढं कधी विसरला नाही. मजुरीसाठी नाही, त्यानं मनापासून अण्णांना आवाज दिला होता.

दर सभेत अण्णांचं बोलणं थोडं थोडं सरकत गेलं. आधी काटा खोटा होता. मग व्यापारी खोटे झाले. मग व्यापारी म्हणजे मारवाडी झाले, मग ते बाहेरचे झाले, जरी त्यांच्या चार पिढ्या याच गावच्या मसणात जळल्या होत्या. हे सरकणं अभिमनला तेव्हा दिसलं नाही. माईक त्याच्याच हातात होता, तरी दिसलं नाही.

आणि मग ती चिठ्ठी आली. सोमवार, सकाळी दहा. व्यापारी बंधूंनी घाबरू नये, दुकानं उघडी ठेवावीत. त्या काळात प्रत्येक पुकाऱ्याच्या शेवटी तो तीन शब्द म्हणायचा, “अभिमन सांगतोय हो.” चिठ्ठीत ते नव्हते. ते त्यानं आपल्या मनानं जोडले.

सोमवारी चार-पाच हजार माणूस आला. अण्णा एका बैलगाडीवर चढले, “आज जनता न्यायाधीश आहे” म्हणाले, आणि खाली उतरून जीपमध्ये बसून निघून गेले. पुढच्या पाऊण तासात पारसमल शेठच्या कापसाच्या गोदामाला आग लागली. दुकान उघडंच होतं, माणसं सरळ आत शिरली होती. मागं गोदामात झुलाल नावाचा हमाल अडकला, त्याला काढायला पारसमल आत गेले. दोघंही बाहेर आले नाहीत. झुलाल गावातलाच, गरीब घरचा. पण त्याचं नाव नंतर कुणी घेतलं नाही, कारण ते घेतलं असतं तर सगळी गोष्टच बिघडली असती.

दोन वर्षांनी अण्णा निवडून आले. पाच वर्षांनी त्यांची स्वतःची कापसाची जिनिंग मिल उभी राहिली. गाड्या तिथंही दोन-दोन दिवस उभ्या राहायच्या, आणि काट्यावर अण्णांचा मेहुणा बसायचा. तक्रार करायची सोय मात्र उरली नव्हती, कारण आपल्याच माणसाविरुद्ध तक्रार कोण करणार? आता चौकात अण्णांचा पुतळा आहे. आग कशी लागली विचारलं तर लोक सांगतात, हमालाची बिडी पडली. अण्णांच्या पुण्यतिथीचा पुकारा दरवर्षी अभिमनच करत आला. फक्त ते तीन शब्द त्यानं सत्याऐंशीनंतर कधी उच्चारले नाहीत. का, ते भिकुबाईलाही त्यानं सांगितलं नव्हतं.

यंदा सोयाबीनचं बी उगवलं नाही. शेकडो एकरांवर दुबार पेरणी आली. बी एका बाहेरच्या कंपनीचं होतं आणि गावातल्या सहा दुकानांतून विकलं गेलं होतं. त्यांतलं मोठं दुकान पारसमलच्या मुलाचं, अभयकुमारचं. बी फसलंय हे कळल्यावर पहिली लेखी तक्रार अभयकुमारनंच कृषी खात्यात दिली होती. पण हितेंद्रभाऊंच्या व्हिडिओत ती तक्रार नव्हती. तिथं दुकानाची पाटी होती आणि पाटीवरच्या आडनावाभोवती लाल गोल होता.

दीपकला नकार देऊन अभिमन घरी आला तो गुरुवार होता. दोन दिवस काही झालं नाही. रविवारी सकाळी तो मोरीत तोंड धूत होता, तेवढ्यात स्वयंपाकघरातून भिकुबाईनं हाक मारली.

“ओ, तुम्ही घरमाच शेतस का?”

“मंग कोठे जासू?”

भिकुबाई दारात आली. तिच्या हाताला पीठ होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग रस्त्याकडे बघू लागली. “मंग हाई कोन बोली राहिनं?”

अभिमननं नळ बंद केला. गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजत होता. आवाज भरदार होता, शब्द सुटे सुटे आणि जिथं श्वास घ्यायचा तिथंच घेतलेला. *बी आपलं मेलं, माती आपली करपली.* त्याच्या तोंडावरचं पाणी तसंच राहिलं. *व्यापारी बंधूंनी घाबरू नये, दुकानं उघडी ठेवावीत.* आणि मग, किंचित थांबून, *अभिमन सांगतोय हो.*

तो बनियनवरच रस्त्यावर धावला. रिक्षा हळू चालली होती. मागं कुणीच बसलेलं नव्हतं. एक मशीन, एक बॅटरी आणि वायर. चालवणारा पोरगा जळगावकडचा होता, त्याला काही माहीत नव्हतं. “पेनड्राइव्ह दिला आहे काका, मी फक्त फिरवतोय,” तो म्हणाला आणि पुढं गेला.

चहाच्या टपरीवरून कुणीतरी ओरडलं, “आबा, झकास बोलनात! जुना आवाज परत उना!”

“मी नही बोलनू ते!” अभिमन म्हणाला.

“मंग कोन बोलनं? आवाज तं तुम्हनाच शे!” आणि सगळे हसले. त्यांना वाटलं, आबा गंमत करतात.

दीपक ऑफिसातच होता. अभिमन बनियनवर जिना चढून आला तेव्हा तो जागचा उठलासुद्धा नाही.

“आबा, रागावू नका. तुमची पोलिओची, पाण्याची, मयतीची किती रेकॉर्डिंगं माझ्याकडे आहेत. कॉम्प्युटरला ती ऐकवली, पुढं जे लिहू ते तो तुमच्या आवाजात बोलतो. अर्धा तास लागला फक्त. तुमची मजुरी घरी पोचेल.”

“मी नाही म्हटलं होतं.”

“म्हणून तर तुम्हाला त्रास दिला नाही.”

“ते शेवटचे शब्द? ते कुणी सांगितले?”

“भाऊंच्या वडिलांनी. ते तेव्हा अण्णांबरोबर असायचे. म्हणाले, अभिमनच्या पुकाऱ्याला ते असायचेच, जुन्या माणसांना खूण पटते.” दीपकनं आता त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि त्याचा सूर जरा उतरला. “काही होणार नाही, आबा. भाऊ फक्त जाब विचारणार आहेत. व्हिडिओ होईल, साहेब लोक हलतील, शेतकऱ्याला भरपाई मिळेल. लोकांचं वाईट व्हावं असं आम्हाला वाटतं का? माझ्याच बापाचं तीन एकर गेलं आहे.”

त्याच्या बापाचं तीन एकर खरंच गेलं होतं. सत्याऐंशी साली आपण असेच होतो, अभिमनला वाटलं. असंच खरं बोलत होतो. त्याला दीपकला बरंच काही सांगायचं होतं, बैलगाडीबद्दल, जीपबद्दल, मेहुण्याबद्दल. त्यानं सुरुवातही केली. पण दीपकचा फोन वाजला, आणि तो बोलता बोलता गॅलरीत गेला तो परत आलाच नाही.

पोलीस चौकीत एक हवालदार होता. साहेब बंदोबस्ताला गेले आहेत, लेखी अर्ज द्या, सोमवारी दुपारी या, असं त्यानं सांगितलं. “आवाज चोरीला गेला असं लिहू का?” त्यानं विचारलं. त्याला हसायचं नव्हतं, तरी हसू आलं.

मग अभिमन घरी जाऊन सदरा घालून बाजारपेठेत गेला. अभयकुमारच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरमागं अभयकुमार बसला होता, आणि आतल्या गादीवर त्याची आई लाडकुंवरबाई माळ ओढत होत्या. त्या ऐंशीच्या पुढच्या. दुकानात रोज सकाळी दोन तास येऊन बसायचा त्यांचा नेम होता.

“उद्या दुकान उघडू नका,” अभिमन म्हणाला.

अभयकुमारनं त्याच्याकडे पाहिलं. “सकाळपासून तुम्हीच सांगताय, उघडं ठेवा.”

“तो मी नाही.”

“मग कोण?”

अभिमननं समजावून सांगितलं. कॉम्प्युटर, रेकॉर्डिंग, पेनड्राइव्ह. स्वतःच्याच कानाला ते थापेसारखं वाटत होतं. अभयकुमार शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, “आबा, बंद ठेवलं तर म्हणतील, चोर म्हणून पळाले. उघडं ठेवलं तर आत येतील. मी माझ्या हातानं तक्रार दिली आहे, तिची प्रत समोर लावली आहे. अजून काय करू?”

“बंद ठेवा. म्हणतील ते म्हणू द्या.” अभिमन आता गादीकडे बघून बोलत होता. “बाई, मला तुम्हाला एक सांगायचं आहे. सत्याऐंशी साली...”

“मला माहीत आहे,” लाडकुंवरबाई म्हणाल्या. माळ थांबली नव्हती. “तुमचा आवाज होता.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्या दिवशी सकाळी मी यांना म्हणाले, आज दुकान नका उघडू. हे म्हणाले, अगं, अभिमन सांगतोय ना घाबरू नका म्हणून. तो खोटं बोलणारा पोरगा नाही. आणि उघडलं.” त्यांनी पुढचा मणी ओढला. “तुम्ही खोटं बोलला नव्हता. तुम्हाला जे दिलं ते तुम्ही वाचलंत. मी बरीच वर्षं हा विचार करत आले.”

“मी ते तीन शब्द माझ्या मनानं जोडले होते, बाई. चिठ्ठीत नव्हते.”

आता माळ थांबली. अभयकुमार काउंटरवरचे कागद सारखे करत राहिला. तो तेव्हा अकरा वर्षांचा होता, आणि हे त्यानंही पहिल्यांदाच ऐकलं होतं.

“इतकी वर्षं तुम्ही या दुकानावरून जाता,” त्या म्हणाल्या. “एकदा आत येऊन एवढं सांगायचं होतं.” मग मुलाकडे वळून म्हणाल्या, “अभय, उद्या दुकान बंद.”

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. अभिमनलाही ते मागावंसं वाटलं नाही.

दिवसभर तो दुकानादुकानात फिरला. माईकशिवाय, पायी, आपल्या त्या नाकातल्या बारीक आवाजात. काहींनी ऐकलं. काही म्हणाले, आम्ही कुठं बी विकतो? एकानं विचारलं, “व्यापाऱ्यांनी किती दिले, आबा?” आणि त्याच वेळी दर अर्ध्या तासानं रिक्षा बाजारातून जायची आणि त्याच्याच आवाजात सांगायची, दुकानं उघडी ठेवा. लोक एकदा रिक्षाकडे बघत, एकदा त्याच्याकडे. भोंग्यातला अभिमन त्यांच्या ओळखीचा होता. हा नव्हता.

अभयकुमारच्या दुकानाला लागून इंदिराबाईची बांगड्यांची टपरी होती. पत्र्याची, आत प्लास्टिकच्या वस्तू, कंगवे, टिकल्या. नवरा गेल्यापासून वीस वर्षं ती तिथं बसत होती.

“इंदिराबाई, उद्या येवू नका,” अभिमन म्हणाला.

“काबर?” ती हसली. “मी काय मारवाडी शे? मी तं आपली शे. आपला लोके माले काय करतीन? आणि सोमवारना बाजार मी कशी बुडावू?”

“आग लागली तं आपलं-परकं देखस का ती?”

“तुम्ही सकायपासून एक सांगतस आणि आते दुसरं सांगतस, आबा. मी कोनतं ऐकू?”

तो पुढच्या दुकानाकडे वळला. तोवर त्याचा घसा पार बसला होता.

सोमवारी साडेनऊला अभिमन अभयकुमारच्या बंद शटरपुढं जाऊन उभा राहिला. आपण काय करणार आहोत हे त्याला ठाऊक नव्हतं. दहाच्या सुमारास माणसं येऊ लागली. त्यांत त्याच्या ओळखीचे पुष्कळ होते. खरोखर बी मेलेले, खरोखर फसलेले, दुबार पेरणीनं खचलेले. त्यांच्या मागं मोटरसायकलींवरून आलेले, ज्यांना कुणी ओळखत नव्हतं असे. हितेंद्रभाऊ उघड्या जीपमध्ये उभे होते, पांढरा सदरा, पायात साध्या वहाणा. अभिमनची नजर आधी त्या वहाणांवरच गेली. भाऊ म्हणाले, “मी इथं नेता म्हणून आलो नाही. तुम्हीच माझ्या तोंडानं बोलताय.” शेकडो मोबाइल वर झाले. भाऊंनी बंद दुकानाकडे बोट केलं. “खरे असते तर दार लावून बसले असते का? आता तुम्ही जाणा आणि ते जाणोत.” आणि जीप वळली.

जीप जाताना पाहून अभिमननं हात वर केले. “थांबा! ते निघाले बघा! तेव्हाही असेच निघाले होते! मागं राहता ते तुम्ही राहता! सत्याऐंशी साली...”

त्याच्या तोंडून नुसती हवा येत होती. पहिल्या रांगेतल्या दोघातिघांनी ऐकलं असेल नसेल. मागच्यांना ऐकू येत होती ती रिक्षा. ती चौकात उभी होती आणि थांबायचं कुणी सांगितलं नव्हतं म्हणून वाजत होती. *निकाल जनता देणार. अभिमन सांगतोय हो.* कुणीतरी त्याला बाजूला सारलं, रागानं नाही, वाटेतली सायकल सारावी तसं. तो गटारीच्या कडेला पडला. तिथून त्याला पाय दिसले, आणि शटरवर पडणाऱ्या पहारीचा आवाज आला, आणि नंतर पेट्रोलचा वास.

दुकानामागच्या घरात राहणारं अभयकुमारचं कुटुंब मागच्या बोळातून आधीच निघालं होतं. त्यांच्यातल्या कुणाला काही झालं नाही. दुकान पुढून जळालं. शटर बंद असल्यामुळं आग आत कमी गेली आणि बाजूला जास्त पसरली. इंदिराबाईच्या टपरीतलं प्लास्टिक धडाधड पेटलं. ती बाहेर आली होती. कशासाठी तरी पुन्हा आत गेली. तिला ओढून काढणाऱ्यांत ज्यांनी शटर फोडलं त्यांतलेही दोघं होते. जळगावला नेईपर्यंत ती शुद्धीवर होती आणि बाजार किती भरला होता ते विचारत होती, असं तिच्याबरोबर गेलेल्यांनी सांगितलं. सहाव्या दिवशी ती गेली.

त्या आठवड्यात भाऊंचा व्हिडिओ आला. आंदोलन शांततेत झालं, समाजकंटक बाहेरचे होते, आणि इंदिराबाई ही आपली बहीण, व्यापाऱ्यानं बेकायदा साठवलेल्या फवारणीच्या औषधांमुळं गेली. लाखभर लोकांनी तो पाहिला. चहाच्या टपरीवरची माणसं तोवर तेच सांगू लागली होती. सात दिवसांत एक गोष्ट मिटून दुसरी तयार होते, हे अभिमन आपल्या डोळ्यांदेखत बघत होता. हमालाची बिडी अशीच पडली असेल.

लाडकुंवरबाईंना अभयकुमारनं आपल्या बहिणीकडे धुळ्याला पोचवलं. त्या निघाल्या तेव्हा गाडीपाशी गल्लीतल्या चार बायका होत्या आणि अभिमन होता. गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली केली. “गळा बरा झाला का?” त्यांनी विचारलं. त्यानं मान हलवली. गाडी गेली. अभयकुमार मागं राहिला, विम्याच्या कागदांसाठी. परत दुकान उघडणार का, हे त्याला कुणी विचारलं नाही.

दहाव्या दिवशी अभिमनला पोलीस स्टेशनात बोलावणं आलं. नवे साहेब होते, पाचोऱ्याहून आलेले. टेबलावर मोबाइल होता. त्यांनी तो पुकारा लावला. खोलीभर अभिमनचा आवाज घुमला.

“हा आवाज तुमचा?”

“नाही, साहेब.”

“चाळीस माणसं सांगतात, तुमचा आहे.”

“आवाज माझा आहे. बोललो मी नाही.” कॉम्प्युटरचं सगळं त्यानं पुन्हा सांगितलं. हवालदार लिहीत होता. साहेबांनी तपासायला पाठवतो म्हणून सांगितलं, वेळ लागेल म्हणाले, आणि उठायची खूण केली.

अभिमन उठला नाही.

“अजून एक जबाब द्यायचा आहे. सत्याऐंशीचा.”

“सत्याऐंशीचा कसला?”

“त्या वेळचा पुकारा माझा होता. माझ्या तोंडचा. शेवटचे शब्द मी स्वतः घातले होते. बिडीनं आग लागली नव्हती. मी तिथं होतो. कोण आत शिरलं ते मी पाहिलं. लिहून घ्या.”

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. “आबा, ती फाइल कधीच बंद झाली असेल. ज्यांच्यावर सांगाल ते निम्मे मेले असतील. याचा आता उपयोग काय?”

“तेव्हा मी बोललो असतो, तर परवा कुणाला तरी आठवलं असतं.” त्याचा घसा अजून सुटला नव्हता, शब्द एकेक करून येत होते. “आता सगळ्यांना बिडीच आठवते. पुढच्या वेळी सगळ्यांना औषधं आठवतील. एक कागद असू द्या तुमच्याकडे. कुणी वाचो न वाचो.”

साहेबांनी हवालदाराला मानेनं खुणावलं आणि टोपी घेऊन बाहेर गेले.

हवालदारानं नवा कागद घेतला. अभिमन सांगत गेला. बापाची गाडी, काटा, अण्णांची पहिली सभा, बापाचं रडणं, चिठ्ठी. काही गाळलं नाही, आपणही त्या सभेत टाळ्या वाजवल्या तेसुद्धा. दीड तास लागला. हवालदारानं मधे दोनदा बोटं मोडली, पण थांबवलं नाही.

“मयत?” त्यानं विचारलं.

“दोन. पारसमल केसरीचंद, वय अठ्ठेचाळीस.”

“दुसरा?”

“झुलाल.”

“पूर्ण नाव?”

अभिमन थांबला. शेकडो मयती त्यानं गावाला सांगितल्या होत्या आणि एकही वडिलांच्या नावाशिवाय सांगितली नव्हती. झुलालच्या बापाचं नाव त्याला माहीत नव्हतं. ते कधी कुणी त्याच्याकडे चिठ्ठीवर लिहून आणलंच नव्हतं.

“हमालवाड्यात त्याच्या पुतण्याचं घर आहे,” तो म्हणाला. “थांबा, मी विचारून येतो.”

“आत्ता? ऊन बघा बाहेर.”

“लांब नाही.”

त्यानं चपला घातल्या आणि बाहेर पडला. हवालदारानं खिडकीतून त्याला रस्ता ओलांडताना पाहिलं. मग झुलाल या नावापुढं बोटभर जागा कोरी सोडून त्यानं पेन खाली ठेवलं.